निळं पाणी आणि सौजन्याची जागा

वर्गणी मागण्यात बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. धंदा माझा वायरी, होल्डर आणि बटणं विकण्याचा. पण गणेश मंडळाचा खजिनदार म्हणून इतका हिंडलो की स्वतःच्या दुकानापेक्षा दुसऱ्यांच्या दुकानात जास्त बसलो असेन. पद्धत ठरलेली. बसा म्हणायची वाट न बघता बसायचं आणि समोरचा कुरकुरायला लागला की शांतपणे म्हणायचं, "कमानीवर तुमचं नाव घालतो ना." नाव म्हटलं की पेठेतल्या चिवटातल्या चिवट माणसाचा हात गल्ल्याकडे जातो.

ह्याच वाक्याने पुढे माझा घात केला.

दुकानासमोर एका इमारतीची दोन मजली, बिनखिडकीची भिंत आहे. लोक तिचा कशासाठी उपयोग करायचे ते ओळखा. आम्ही देवांच्या टाइल्स लावून पाहिल्या. लोकांनी देवांना नमस्कार केला आणि चार हात पलीकडे सरकले.

एका दुपारी वायर घ्यायला आलेली एक चित्रकार मुलगी त्या भिंतीकडे बघतच राहिली. मूळची वर्ध्याकडची, राहायला विश्रांतवाडीला. म्हणाली, "काका, हिच्यावर चित्र काढायला मिळालं तर?" मला वाटलं आता किल्ला येणार, नाहीतर मावळा. तर नाही. पूर्वी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पेठांमधल्या हौदांत पाणी यायचं, ते पाणी तिला भिंतीवर आणायचं होतं. पुढच्या खेपेला तिने छोटंसं चित्र करून आणलं. वरपासून खालपर्यंत निळं पाणी, तळाशी हौद, काठावर घागर बुडवणारी एक बाई. बाकी काही नाही. दुकानात पंखा बंद होता, तरी मला गार वाटलं.

भिंतीच्या मालकांकडून मी लेखी संमती आणली. "करा," ते म्हणाले, "फक्त मला एक रुपयाही मागू नका." आता रंग, परांची आणि मुलीचा मेहनताना, एवढं उभं करायचं होतं. मी तिला म्हणालो, "ते माझ्यावर सोडा." माझ्या आयुष्यातले बहुतेक घोळ ह्याच शब्दांनी सुरू झाले आहेत.

चित्रासाठी पैसे मागायची सवय मला नव्हती, आणि चित्रासाठी पैसे द्यायची गल्लीला नव्हती. मी आपला गणपतीच्या चालीवर निघालो. साडीवाले शेठ म्हणाले, "गणपतीला देतो ते देवाला पोचतं. हे कोणाला पोचणार?" माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "तुमचं नाव घालतो ना." शेठनी गल्ला उघडला. कोपऱ्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंना मी त्यांच्या कैलासवासी यजमानांचं नाव सुचवलं, तेही त्यांनी मागितलं नसताना. घड्याळवाले, पुस्तकवाले, चहावाले, सगळ्यांकडे तेच. दुकानात शिरलो की ते वाक्य माझ्या आधी आत जायचं. पैसे जमले आणि मी आठवडाभर छाती काढून फिरलो.

मग मुलीने भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि सगळे देणगीदार आपापली जागा बघायला आले.

"हे मधलं मोकळंच आहे ना?" शेठनी विचारलं.

"ते पाणी आहे," मुलगी म्हणाली.

"असू दे की. पाण्यावर पिवळी अक्षरं उठून दिसतात."

घड्याळवाल्यांना शेठच्या वर जागा हवी होती. पुस्तकवाले म्हणाले की त्यांचं नाव लांबलचक आहे, दोन ओळी लागतील. चहावाल्यांनी तर बोट ठेवून सांगितलं, "बाई थोडी डावीकडे घ्या, म्हणजे फोन नंबर मावेल." मी मनातल्या मनात सगळी नावं भिंतीवर मांडून बघितली. पाणी संपलं होतं. हौदाचा काठही संपला होता. घागरीवर तेवढी थोडी जागा उरत होती.

सगळे गेल्यावर मुलगी म्हणाली, "काका, मी चित्र काढून राहिली की नावं?"

मी म्हणालो, बघू, काढू काहीतरी मार्ग.

"मार्ग नका काढू. नावंच घालायची तर फ्लेक्स छापा, स्वस्त पडेल. मग मी नाही येणार." तिने खडू माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक. कित्येक वर्षं भावीच आहेत. म्हणाले, "काका, सगळ्यांचे पैसे परत करून टाका. पूर्ण खर्च माझा. बाकी कोणाचं नाव नको, कटकटच नको. फक्त कोपऱ्यात माझा एक फोटो. हात जोडलेला. छोटासा."

मोह झाला. आता सोवळा होऊन सांगण्यात अर्थ नाही, चांगलाच झाला. एका फोटोत सगळी आश्वासनं मिटत होती. संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती मटार सोलत होती. "अहो, इतकी वर्षं सगळ्यांना हो म्हणून बघितलंत," ती म्हणाली, "एकदा नाही म्हणून बघा. मेलात तर मी आहेच."

भाऊंना सांगितलं, फोटो येणार नाही. ते हसले. "भिंतीला परवानगी लागते, काका. बघा हं."

"भिंत खासगी आहे, मालकांची संमती लेखी आहे," मी म्हणालो. "चौकात आपले एवढे फ्लेक्स आहेत, त्यांच्या परवानग्या एकदा दाखवा. मीही तशाच घेतो."

मग ज्या पायांनी पैसे आणले त्याच पायांनी एकेका दुकानात गेलो. नाव कोणाचंच येणार नाही, पैसे परत हवे असतील तर हे घ्या. शेठनी नोटा दोनदा मोजून घेतल्या आणि म्हणाले, "कात्रजचं पाणी म्हणालात, पण दाखवलात कात्रजचा घाट." घड्याळवाल्यांनीही पैसे परत घेतले. मग शिक्षिका बाईंचं दार. यजमानांचं नाव काढून घ्यायचं म्हणजे काय बोलायचं? बाईंनी चष्मा पुसला. "कोणाचंच येणार नाही ना? मग आमचंही नको. त्यांना घोळक्यात उभं राहायला आवडायचं नाही. पण उद्या शेठचं नाव दिसलं, तर मी रंगाचा डबा घेऊन येईन, सांगून ठेवते."

उरलेल्या पैशांत अर्धी भिंत बसत होती. मी विश्रांतवाडीला जाऊन मुलीला सांगितलं: नावं नाहीत, पैसे अर्धे आहेत. तिने फक्त विचारलं, "नक्की ना?" आणि आली. खालून सुरुवात केली: हौद, बाई, घागर, आणि हात पोचेल तिथवर पाणी. वर भिंत कोरी राहिली. लोक येता-जाता विचारायचे, वरचा पाणीपुरवठा बंद आहे का? मी म्हणायचो, हो, सौजन्याअभावी.

आणि एका सकाळी दुकान उघडायला आलो तर पाणी नाही, बाई नाही. अख्ख्या चित्रावर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. हात जोडलेले. छोटासा अजिबात नव्हता.

दुकानातून शिडी आणि वायर कापायची पक्कड आणली. माझे गुडघे चौथ्या पायरीला राजीनामा देतात, तरी चढलो. गल्ली जमली. नेहमीप्रमाणे सगळे बघत होते, एकही पुढे येत नव्हता. शिडी हलायला लागली तशी खालून कोणीतरी ती घट्ट धरली. बघतो तर शेठ.

"सावकाश," ते म्हणाले. "पडलात तर तुमच्या स्मरणार्थ नाव घालावं लागेल भिंतीवर."

मी दोऱ्या कापल्या. फ्लेक्स सळसळत खाली आला आणि घागर बुडवणारी बाई पुन्हा दिसली. शेठ तिच्याकडे बघत उभे राहिले. मग खिशातून पाकीट काढून माझ्या हातात कोंबलं. "वरचंही करून टाका. रोज अर्धी भिंत बघून गिऱ्हाइकं मला विचारतात. पावती नको, आणि नाव तर नकोच, शिक्षिका बाईंनी मलाही बजावलंय, रंगाचा डबा घेऊन यायच्या."

पुढच्या सोमवारी परांची वर चढली. रंगाचे थेंब रस्त्यावर पडू नयेत म्हणून खाली काहीतरी अंथरायला हवं होतं, ते मी अंथरलं. दुपारी भाऊंचा एक कार्यकर्ता आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, आमचा फ्लेक्स कुठाय?"

मी खाली बोट दाखवलं. पालथा घातला होता. उगाच कोणाच्या चेहऱ्यावर रंग कशाला. तरी कडेने बराच निळा झाला होता.

"हा काय," मी म्हणालो. "चांगला जाड आहे. पण भिंत रुंद आहे हो, एक कमी पडतोय. भाऊंकडे अजून असेल तर पाठवा."