चंदनाने न्हालेले कोकरू
समस्त पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की सुगंधी साबणाने जीव जातो, आणि हा प्रयोग मी स्वतः करून पाहिलेला आहे. खडकवासल्याजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर मी हौसेने सहा मेंढ्या पाळल्या होत्या. माघातल्या एका गार सकाळी पहिली मेंढी व्याली, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या मावशी चारा आणायला गेल्या होत्या. कोकरू चिकट, पिवळसर होते. मी सुईणीच्या थाटात पाणी तापवले, चंदनाच्या साबणाने त्याला न्हाऊ घातले आणि ऐटीत आईपुढे ठेवले. तिने हुंगले आणि धडक मारली. "अहो साहेब, तिची वळखच धुतली की तुमी!" परत आलेल्या मावशी ओरडल्या. त्यांनी कोकराच्या अंगाला तिचेच दूध चोळले, ती चाटावी म्हणून मीठ चोळले, पण ती त्याला जवळ घेईना. बाटलीचे दूध त्याला सोसले नाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्या पायाशीच गार पडले, आणि ती कुंपणाकडे तोंड करून हंबरडे फोडत राहिली. अजूनही कुणाच्या घरी हात धुताना चंदनाचा वास आला की माझे हात थांबतात आणि मावशी बोलून गेल्या ते ऐकू येते, "अगं बाई, लेकरू पायाशी हाय, अन् ही त्यालाच हुडकतीय!"