गायकवाड सरांचा संकेतार्थ

उस्मानपुऱ्यातल्या इतालियनच्या क्लासचा तो जिना चढताना आम्हा पोरींच्या छातीत धडधडायचं. वर गायकवाड सर दार अर्धं उघडून उभे असायचे आणि एक क्रियापद वसूल केल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. "अंदारे. रीतिभूतकाळ. ती." मग चप्पल काढता काढता म्हणायचं, "अंदावा." "म्हणजे?" "ती जात असे." "या, बाई." चुकलं की दार लागायचं. खरंच लागायचं! पायरीवर बसून घोकायचं आणि पुन्हा कडी वाजवायची. एकदा तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी अडवलं. तो बिचारा "सर, आधी वझं उतरू द्या की!" म्हणून ओरडत होता, तरी 'सोनो, सेई, ए' म्हणजे 'आहे, आहेस, आहे' एवढं त्याच्याकडून वदवून घेतलंच.

सर गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. ते काही कॉलेजातले प्राध्यापक नव्हते. तीस वर्षं वेरूळला गाईड होते. इतालियन शिकले ते पाहुण्यांच्या तोंडून, आणि एका इतालियन बाईने जाताना दिलेल्या, पुठ्ठा गेलेल्या व्याकरणाच्या पुस्तकातून. ती बाई महिनाभर शिल्पांची चित्रं काढत बसायची आणि सर तिच्यासाठी छत्री धरायचे. पुढे साथीच्या काळात लेणी बंद झाली, पाहुणे आटले, आणि सरांनी घरच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. विद्यार्थी म्हणजे आमच्यासारख्या नर्सिंग केलेल्या पोरी. तिकडे इटलीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बाया लागतात, त्या कामासाठी निघालेल्या.

भिंतीवर तक्ते होते, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर स्केचपेनने लिहिलेले. एका काळाला एक कॅलेंडर. सरांनी मराठी घेऊन बीए केलेलं, त्यामुळे नावं सगळी मराठी व्याकरणातली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. "इंग्रजीच्या खिडकीतनं बघू नका," ते म्हणायचे. "इतालियन तर आपल्या गल्लीतली हाय. त्यांचा 'तू' बी तूच! बाईला वेगळं शेपूट, बाप्याला वेगळं शेपूट, आपल्यावानीच. शेपूट बघा, लगेच कळतंय कोण करतंय." जाणं, येणं, जन्मणं, मरणं ही क्रियापदं 'असणं'च्या घरची, भूतकाळात 'आहे'चा हात धरून चालणारी, असं ते शिकवायचे. म्हणून 'ए मोर्ता', मेली. संकेतार्थाचा तक्ता मात्र त्यांच्या खास आवडीचा होता. त्यावर बोट ठेवून ते सांगायचे, "हे न घडलेलं. आली असती, म्हंजे आली नाय. पडली असती, म्हंजे पडली नाय. संकेतार्थ दिसला की बिनघोर व्हायचं."

आमच्या बॅचमध्ये सगळ्यात तयार होती ती देवगाव रंगारीची रंजना. सर तिला दारात अवघडातलं अवघड विचारायचे आणि ती पायऱ्या चढता चढताच उत्तर फेकायची. सरांना मूलबाळ नव्हतं. रंजना इटलीला गेली त्या दिवशी त्यांनी आम्हाला शिकवलं नाही, नुसते बटाटेवडे खाऊ घातले. ती एका म्हातारीच्या घरी राहायची, सायकलवर बाजारहाट करायची आणि दर रविवारी सरांना फोन करून चुका विचारायची. मीही तिच्या पाठोपाठ जाणार होते. माझे कागद तयार होते.

एका शनिवारी क्लास चालू असताना रंजनाची आई, शांताबाई, जिना चढून आल्या. देवगावहून एसटीने एकट्या आल्या होत्या. हातातला मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "सर, रंजी कालपासून फोन उचलीना. आन् हे आलंया. काय लिवलंय बघा की." रंजनाच्या म्हातारीच्या शेजारणीने तिथल्या वर्तमानपत्रातल्या बातमीचा फोटो पाठवला होता. खाली फक्त जोडलेल्या हातांचं चिन्ह. चार ओळींची बातमी, नाव नाही. सरांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. सायकलवरून जाणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या भारतीय बाईला मोटारीने उडवलं, इथपर्यंत त्यांनी सांगितलं आणि शांताबाई मटकन खालीच बसल्या.

"थांबा, ताई, थांबा!" सर म्हणाले. "पुढं ऐका. दवाखान्यात नेलं. आन् आता इथं 'ए मोर्ता' लिहिलंय का? नाय. 'सारेब्बे मोर्ता' लिहिलंय." मग माझ्याकडे वळले. "मीना, सारेब्बे कोणता अर्थ?"

"संकेतार्थ, सर."

"म्हंजे?"

"मेली असती."

"म्हंजे मेली का?"

"नाही, सर," मी ठणकावून सांगितलं.

शांताबाईंनी आधी सरांचे आणि मग चक्क माझे पाय धरले. आम्ही त्यांना चहा पाजला. जोडलेले हात म्हणजे देवाची कृपा, असंही सरांनी सांगून टाकलं. तिकडचे फोन लागत नव्हते, तिला पाठवणारा एजंट शनिवार-रविवार फोन उचलत नव्हता, पण आता कुणाला घाई राहिली नव्हती. शांताबाईंनी गावात पेढे वाटले, विहारात मेणबत्त्या लावल्या. रविवारी मला फोन करून म्हणाल्या, "हाडं मोडली असतील, मोडू दे. मी बसून खाऊ घालीन तिला."

सोमवारी एजंटचा फोन आला. रंजना गेली, कागद करायचे आहेत, एवढंच तो बोलला. कधी गेली ते त्याने सांगितलं नाही आणि शांताबाईंनी विचारलं नाही. सतरा दिवसांनी पेटी आली. मातीला सर आले होते, पण लोकांच्या मागे, बाभळीखाली उभे राहिले. 

त्यानंतर क्लास भरायचा, पण दार आता उघडंच असायचं. कुणीही या, कुणीही बसा. सरांना एकच ध्यास लागला होता. "मीना, माझं वाचायला चुकलं का गं?" मी म्हणायचे, "नाही सर, नंतर जास्त झालं असेल तिला." मनातून मलाही तसंच वाटत होतं, वाटून घ्यायचं होतं. शेवटी एक दिवस ते मला वेरूळला घेऊन गेले. कैलास लेण्याबाहेर आम्ही तीन तास उन्हात बसलो, इतालियन बोलणारं कुणी येईपर्यंत. एक म्हातारं जोडपं आलं. सरांनी त्यांना अदबीने, एकही शेपूट न चुकता विचारलं आणि बातमीचा फोटो दाखवला. त्या म्हाताऱ्याने वाचलं, टोपी काढली आणि हळूहळू समजावून सांगितलं. मला सगळं कळलं नाही. सरांना कळलं. ते जमिनीवरच बसले.

"वर्तमानपत्रवाले असं लिहितात," ते मला म्हणाले. "पोलिसांनी पक्कं सांगितलं नसलं की संकेतार्थात लिहितात. मेली असती नव्हं, मीना. मेली म्हणे. तेवढंच! म्हणे! आपल्याकडं शेंबड्या पोराला येतो हा शब्द. ती त्याच दिवशी गेली व्हती. शुक्कुरवारीच."

मी म्हणाले, "सर, झालं ते झालं. आता कुणाला सांगायची गरज नाही." खरं सांगते, मी घाबरले होते. उत्तर मीच दिलं होतं ना! सर फोटोतली ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मग मीच मूर्खासारखं बोलून गेले, की आदल्या आठवड्यात मी देवगावला गेले होते आणि शांताबाई अन्नाला शिवत नाहीत. त्यांचा एकच घोष होता. "दोन दिवस जित्ती व्हती माझी लेक. पाणी मागत असंल. आई आई करत असंल. आन् मी हिकडं बिनघोर! कुणी एक फोन लावून दिला नाय तिच्या कानाला." हे ऐकलं आणि सर तडक उठले. वेरूळहून घरी न जाताच आम्ही देवगावची गाडी धरली. वाटेत मी त्यांना परोपरीने विनवलं. नका सांगू, त्या तुम्हाला देव मानतात. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शांताबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. "जयभीम सर, या," म्हणून लगबगीने उठल्या. सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, रंजना दोन दिवस जित्ती नव्हती. ती त्याच दिवशी गेली. तुम्ही माझ्याकडं आला तव्हा ती गेलेली व्हती. मी चुकीचं वाचलं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. सरांनी पुन्हा सांगितलं, तेच शब्द, एकही कमी न करता. मी पुढे होऊन म्हणाले, "मावशी, मीपण तेच सांगितलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "तिनं वाट न्हाई बघितली माझी? पाणी न्हाई मागितलं?"

"नाय, ताई. तेवढा वेळच नाय मिळाला तिला."

शांताबाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी डोळे उघडले.

"आन् मी पेढे वाटले त्या दिशी ती शीतपेटीत व्हती?"

मी सरांचा हात दाबला. काहीतरी बोला, ठाऊक नाही म्हणा, काहीही म्हणा. सर म्हणाले, "व्हय, ताई."

"सगळ्या गावाच्या तोंडात मी माझ्या हातानं पेढा घातला, सर."

"व्हय."

त्या पुन्हा खाली बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या. फोडायच्या, दाणे बाजूला आणि टरफलं सुपात टाकायच्या, उलटंच चाललं होतं. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही आलात, सांगितलंत, बरं केलंत. आता आज रातीला मी जेवीन. पण पुन्यांदा या दारात येऊ नका."

फाट्यावर येईपर्यंत मी रागाने सरांच्या पुढे पुढे चालत होते. भर रस्त्यात सरांवर ओरडले, "काय मिळालं सांगून? तुमचीही अब्रू गेली आणि तिचे ते आनंदाचे दोन दिवस पण गेले!"

सर म्हणाले, "ती रोज मनानं त्या दवाखान्यात जाऊन पोरीच्या उशाला बसत व्हती, मीना. तिथं पोरगी नव्हतीच. तिला तिथनं कुणी तरी घरी आणायला नको?"

एसटी आली, थांबली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. सर दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखे रडत होते. मी गाडी जाऊ दिली.