जंताच्या गोळीची परेड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडली. वाघोलीच्या घराच्या ओट्यावर, संध्याकाळी. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर येऊन मला दोन वर्षं झाली होती. माझी बायको इंदू पुढच्या आठवड्यात अमेरिकेला निघणार होती. मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत, सुनेचे दिवस भरत आलेले.

“अहो हवालदार, पानं खुडायचीत. काडीसकट टाकताय.”

“तिकडे कोण देणार तुला निवडून?”

“तिकडे मिशीवाला गडी मिळत नाही म्हणतात. माझी मीच निवडीन.”

हसता हसता तिच्या हातातली जुडी पडली. डावा हात थरथरत होता. काय झालं, विचारलं. “मुंग्या आल्या हाताला,” म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.

आता फौजेतलं सांगतो. त्याशिवाय हे कळायचं नाही. मी सातवी शिकलेला, जसं येतं तसं लिहितो.

माझं शेवटचं पोस्टिंग ईशान्येला, जंगलात. पाणी ओढ्याचं. गावातून डुक्कर मिळायचं, निखाऱ्यावर अर्धं कच्चं भाजून खायचो. तिथून खाली पीस स्टेशनला, म्हणजे शांत मुलखातल्या छावणीत, आलो की जंताच्या गोळीची परेड लागायची. कंपनी फॉल-इन. आधी डॉक्टर कॅप्टन साहेब समोरून जायचे.

“किसी को फिट आती है? सिरदर्द? चक्कर? हाथ-पैर झटकता है? लाइन से बाहर.”

मग नर्सिंग असिस्टंट एकेकाच्या हातावर गोळी ठेवायचा. चावून गिळायची, वर पाणी. पुढं मी उभा. माझी ड्यूटी तोंड बघायची.

“मुँह खोल. जीभ उठा. आगे बढ़.”

कारण गोळीच्या दिवशी आमच्याकडं रम बंद असायची. काही जवान गोळी गालात धरून बाहेर थुंकायचे आणि ‘मी घेतलीच नाही’ म्हणून रम मागायला हजर.

एकदा शिपाई नामदेव लाइनीतून बाहेर आला. “साहेब, फिट आती है. दो बार आई.” त्याला गोळी दिली नाही. थेट मिलिटरी हॉस्पिटलला पाठवला. डोक्यात जंताच्या गाठी निघाल्या. तिथं ठेवून इलाज केला, वाचला. पण मेडिकल कॅटेगरी खाली गेली. नाईकची फीत मिळायची होती ती गेली, फील्डची पोस्टिंग गेली, शेवटी नोकरी सोडून गावी गेला. हा किस्सा मी घरी हसत सांगायचो. “एक वाक्य बोलला आणि घरी बसला येडा!” इंदू भाकरी वाढता वाढता ऐकायची. हसली कधी नाही.

दुसरी गोष्ट. मी अख्ख्या कंपनीच्या जिभा बघितल्या. माझी कुणी बघितली नाही. परेड संपली की मीच “लाइन तोड” म्हणायचो आणि माझी गोळी डब्यात राहायची. हवालदाराला कोण विचारतो?

मेथी निवडली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी इंदू स्वयंपाकघरात पडली. दात घट्ट, अंग ताठ, तोंडाला फेस. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातली, शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत शुद्धीवर आली.

“इंदू, आधी कधी झालं होतं असं?”

“दोनदा. तुम्ही शेतावर होता.”

“बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर जाऊ दिलं असतं? तुमच्या त्या नामदेवासारखं घरी बसवलं असतं मला.”

थोड्या वेळानं म्हणाली, “जंत पडत होते. परक्या मुलखात कशाला पोटाची कटकट, म्हणून दुकानातून गोळ्या आणल्या.”

“किती घेतल्यास?”

“एकच घ्या म्हणाला होता तो. एकीनं काय होतंय? रोज घेतली.”

ते शेवटचं बोलणं. दवाखान्यात परत फिट आली, ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी इंदू गेली.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो दाखवला. सगळीकडे बारीक गाठी. म्हणाले, “गोळी वाईट नाही हो. पुष्कळ लोक घेतात, काही होत नाही. पण फिट येत असेल, डोकं फार दुखत असेल, तर आधी डॉक्टरला सांगायचं. डोक्यातला जंत या औषधानं मरतो आणि भोवती सूज येते. म्हणून आधी फोटो, सुजेचं औषध, आणि दवाखान्यात ठेवून इलाज. मनानं रोज घ्यायची नसते.” मग विचारलं, “बाई डुकराचं मांस खायच्या?”

“माळकरी होती.”

“घरात दुसरं कुणी?”

“मी. फौजेत.”

ते म्हणाले, “ज्याच्या पोटात डुकराच्या कच्च्या मांसातून आलेला चपटा जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी पडतात. हात नीट धुतले नाहीत तर दुसऱ्याच्या पोटात जातात, तिथून डोक्यात. बाहेरच्या न धुतलेल्या भाजीतूनही जातात. कुठून आलं ते आता सांगता येणार नाही. तुमची तपासणी मात्र करून घ्या.”

फौजेत माणूस पडला की त्याचं नाव दगडावर कोरतात. इंदूचं नाव कुठं कोरलेलं नाही. म्हणून इथं लिहितो. इंदुबाई. नातीचं तोंड बघायला निघाली होती. नात झाली. तिनं बघितली नाही.

तिला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. मेहुणा दारात आडवा आला.

“दाजी, सुतकात कुठं निघालात? लोक भेटायला येतील.”

“बसव त्यांना.”

“पिशवीत काय आहे?”

“शी. तपासायला.”

तो बाजूला झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, फिट येते का, डोकं दुखतं का, नजर अंधारते का. फिट नाही म्हणालो. डोकं दुखतं, वर्षभर झालं, कुणाला बोललो नाही, हेही सांगितलं. “मग आज गोळी नाही,” म्हणाले. “आधी फोटो.” खिडकीतल्या मुलीनं डबी घेतली, चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, “काका, मागं नळ आहे. साबण ठेवलाय.”

मी हात धुतले. परत साबण लावला, नखांत, बोटांच्या मध्ये, मनगटापर्यंत. मागं दोघंजण उभे होते. “काका, झालं का?” एकानं विचारलं.

“थांब,” म्हणालो, आणि परत साबण घेतला.