बांगड्याच्या पाण्यावरचा गुलाब

साठचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीखाली सासूबाईंची एक जास्वंद होती. तिच्या शेजारी ह्यांनी गुलाबाचं कलम लावलं आणि म्हणाले, "जांभळं फूल येणार." म्हटलं, थापा! गुलाब कधी जांभळा असतो का? पण कळी फुगली आणि बाई गं, खरंच! जांभूळ दुधात कुस्करावं तसा रंग. मी तर खुळीच झाले. हे फूल माझ्या अंबाड्यात जायला हवं, बस्स, दुसरं काही सुचेना.

वैरी दोन. एक सासूबाई: पहिलं फूल, पहिला आंबा, पहिलं सगळं देवाला. दुसरे समोरच्या बिल्डिंगमधले पेन्शनर आजोबा. अट्टल शाकाहारी. सकाळीच आकडीची काठी घेऊन निघायचे आणि पूजेसाठी अख्ख्या गल्लीतली फुलं ओरबाडायचे. ती कळी त्यांनीच नेली. मी तणतणत गेले, तर शांतपणे म्हणाले, "सूनबाई, देवाच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत."

थांबा, दाखवते इंगा!

कलमाच्या खालून फुटलेला रानटी फुटवा छाटला, शेणखत घातलं, दुपारच्या उन्हात जुनी छत्री बांधून सावली केली. दुसरी कळी आली. मग आजोबा जवळ आहेत असं बघून मी शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "आमच्या गुलाबाला ना, बांगडे धुतलेलं पाणी लागतं. त्याशिवाय रंगच चढत नाही!" थाप नव्हतीच ती. मासळी आली की सासूबाई ते पाणी खिडकीतून दोन्ही झाडांवर ओतायच्या. आजोबांनी काठी अशी मागे घेतली, जणू गुलाबच चावला. घरात येऊन मी हसून हसून जमिनीवर बसले.

फूल उमललं. आणि सकाळी बघते तर सासूबाई न्हाऊन, कात्री घेऊन गुलाबापाशी! माझं धाबं दणाणलं. कचकन कापलं त्यांनी. मला रडूच येणार होतं.

"ह्यां फूल आता देवाक कसां चलात?" त्या करवादल्या. "मासळीच्या पाण्यार वाढलेलां! तूच साऱ्या बिल्डिंगीक सांगलंस ना? हय ये."

आणि माझ्या अंबाड्यात खोवायला लागल्या.

खिडकीतून आतला देव्हारा दिसत होता. गणपतीच्या पायाशी ताजी जास्वंद, रोजच्यासारखी.

"आई, पण जास्वंदीलासुद्धा तेच पाणी..."

"गप रव," त्या म्हणाल्या. "मान हलव नको."