ट्रॉलीची गुंडाळती सावली

मार्गशीर्ष लागला आणि थोरल्या काकांनी ट्रॅक्टरची ट्रॉली धुवायला काढली की आम्ही समजायचो, सौंदत्तीच्या डोंगराला जायचे दिवस आले. ट्रॉलीत भाताच्या पिंजराचा, म्हणजे पेंढ्याचा, थर, त्यावर सतरंज्या, त्यावर भांडी आणि भांड्यांवर आम्ही. डोंगराखालच्या माळावर मुक्काम करायचा, यल्लम्माला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा आणि काकतीजवळच्या आमच्या गावाला परतायचं. पुरुष याला यात्रा म्हणत. बायका काय म्हणत ते कुणी विचारलं नव्हतं, कारण माळावरही चूल होती आणि चुलीपुढं त्याच होत्या.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. त्या साली आईला पोळ्या लाटता लाटता घेरी आली. थंडीचे दिवस म्हणतात खरे, पण झाड नसलेल्या त्या माळावर भर दुपारी दोन चुलींच्या मधे बसून बघावं. लाटणं हातात धरूनच ती कलंडली. मी मॅट्रिकला होते, शेजारी बसून पोळ्या भाजत होते. मला वाटलं, आई गेली. तोंडावर पाणी मारल्यावर ती उठली आणि राहिलेल्या पोळ्या तिनंच लाटल्या. घरी आल्यावर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनं एवढंच सांगितलं, "फुडल्या साली चुलीवर सावली पायजे. न्हायतर त्या माळावरनं मी काय परत येत न्हाय बघा."

चार बांबू आणि एक ताडपत्री, एवढ्यात काम भागलं असतं. पण आप्पा बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर होते, आणि सोपं काम सोपं ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका बेकरीपुढं त्यांनी गुंडाळतं छत पाहिलं होतं. पाइपाला गुंडाळलेलं कापड, दांडा फिरवला की बाहेर येतं, उलटा फिरवला की आत जातं. ते पाहिल्यापासून बांबूचं नाव काढायची सोय राहिली नाही. पाइप, दांडा, ट्रॉलीच्या फळीला ठोकायच्या कड्या, सगळं त्यांनी मन लावून बनवलं. राहिलं कापड, आणि तिथं आमच्या घरातले तिन्ही भाऊ कामाला लागले.

आमच्या भागात रंग हा नुसता डोळ्यांनी बघायचा प्रकार नाही. बेळगावात ताडपत्री शिवणाऱ्याच्या दुकानात मी कापडाचं टोक धरायला म्हणून गेले होते, तेव्हा हे पुरतं कळलं. थोरल्या काकांनी आल्या आल्या भगवं मागितलं. सीमाप्रश्नाच्या मोर्चाला जाणारा माणूस, त्यांना दुसरा रंग दिसतच नसे. धाकटे काका म्हणाले, "आण्णा, यरगट्टीच्या फुडं सगळी कानडी गावं. दगड आला तर ट्रॅक्टर कोण सांभाळणार?" दुकानदार कानडी, स्वभावानं गरीब. त्यानं भाबडेपणानं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं, म्हणजे नेमकं कानडी झेंड्याचं, कापड पुढं केलं. थोरले काका ताडकन उठून पायरीवर जाऊन उभे राहिले. पांढरं मळतं. निळ्याला धाकट्या काकांनी नुसती नकाराची मान हलवली. का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि लाज एकालाही वाटली नाही. शेवटी कुणाच्याच झेंड्यात नसलेला बिस्किटी रंग ठरला. घरी येऊन आप्पांनी ते कापड आईच्या पुढं पसरलं. आई म्हणाली, "चुलीपोत्तर येतंय न्हवं?" आप्पा म्हणाले, "रंग बघ की आधी."

पुढच्या साली माळावर पोचलो. आप्पांनी दांडा फिरवला आणि छत असं सुरेख बाहेर आलं की शेजारपाजारच्या ट्रॉल्यांमधली माणसं बघायला जमली. नव्या वस्तूला भंडारा लागतो, म्हणून 'उदं गं आई' करत चुलत्यांनी त्यावर मुठी मुठी भंडारा उधळला. इतक्या वादानं निवडलेला बिस्किटी रंग हळदीनं पिवळाजर्द झाला. देवीपुढं कोण बोलणार, थोरल्या काकांनीही हात जोडले.

आईनं तीन दगड उचलून त्या सावलीत मांडले. आप्पा धावत आले. "हितं नगं. काजळी धरंल. नवं हाय."

आईनं दगड उचलले आणि उन्हात नेऊन मांडले. मला त्या क्षणी आप्पांचा इतका राग आला की तो अजून पुरता गेलेला नाही. आई, दोन्ही काकू आणि मी, आम्ही चौघी बायका उन्हात घामाघूम होऊन पुरण वाटत होतो आणि सावलीत पत्ते चालले होते. दांडा कसा फिरतो हे आप्पा येणाऱ्या प्रत्येकाला फिरवून दाखवत होते. मी लाटायला सरकले तर आईनं मला उठवलं नाही, पण लाटणंही दिलं नाही. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मी सारखी तिच्या डोळ्यांकडे बघत होते.

नैवेद्य झाला. रिवाजाप्रमाणे शेजारच्या ट्रॉल्यांमधल्या पुरुषांनाही जेवायला बोलावलं होतं. आईनं ताटं वाढायला घेतली ती चुलीशेजारी, भर उन्हात. थोरले काका म्हणाले, "हितं कशाला गं? आत वाढ की."

आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कटाची आमटी हाय, भाऊजी. सांडली की तेलाचा डाग. वारं सुटलंया, कापडाला उडंल. तुमच्या भावानं लई जीव लावून केलंय ते."

पाहुण्यांसमोर आप्पा काय बोलणार? तापलेल्या मातीवर मांडी घालून सगळे बसले. आमटी झणझणीत, वरून ऊन. आई आग्रह करकरून वाढत होती, आणि पहिला घास घेतल्यापासून एकाच्याही कपाळावरचा घाम खळला नाही. शेजारचे पाहुणे डोक्यावर टोपी घट्ट ओढून जेवले.

मग आईनं आमची ताटं उचलली आणि आम्ही चौघी छताखाली जाऊन बसलो. सांडायची भीती आम्हाला कुणी घातली नाही. जेवण झाल्यावर आई चाकाला टेकली आणि तिथंच झोपली. दिवसाढवळ्या, तोंड थोडं उघडं टाकून, चार माणसांत. धाकट्या काकूनं तिच्या पायांवर पदर ओढला. पुरुषांना आत यायला जागा नव्हती, आणि तिला उठवायची छाती कुणाला झाली नाही. आप्पा डोक्यावर टॉवेल घेऊन उन्हात बसले होते. शेजारच्या पाहुण्याला ते हलक्या आवाजात सांगत होते की सावली गार पडलीया, कापड निवडण्यात आपण चुकलो न्हाय.