कावळ्याच्या पानावर अस्वल

न्यू हॅम्पशायरमध्ये घर घेताना एजंटबाईंनी मागचं जंगल दाखवून सांगितलं होतं, इथलं वाइल्डलाइफ फार छान आहे. मी पुण्याची. वन्यप्राणी म्हणजे कात्रजला तिकीट काढून बघायची गोष्ट, एवढीच माझी समजूत. इथे ते आपण होऊन घरी येतात, हे तिसऱ्या वर्षापर्यंत पुरतं कळून चुकलं. माझी मेथी घुशीसारख्या वुडचकने खाल्ली, कोथिंबीर हरणांनी, आणि गॅरेजपाशी स्कंक आपला घाणेरडा वास फवारून गेल्यावर आठवडाभर नाकाला ओढणी लावून गाडी काढावी लागली. एवढं कमी होतं म्हणून २००५च्या पितृपक्षात नवऱ्याने कावळ्याला पान ठेवायचं काढलं.

सासरे आदल्या वर्षी अकोल्यात वारले, तेव्हा तो जाऊ शकला नव्हता. गेला असता तर परतताना मुंबईत व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागला असता, आणि त्या दिवसांत शिक्क्यासाठी गेलेले लोक तिकडेच महिनोन्‌महिने अडकत. इथे नवं घर, पहिलीतली मुलगी, आणि मला कामाची परवानगीच नाही. जाऊ नकोस, असं मीच म्हटलं होतं.

दहाव्याला कावळा दोन तास शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. "तुझ्यातच जीव अडकला होता त्यांचा," असं दीर त्याला फोनवर म्हणाले. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण नवऱ्याने ते वाक्य वर्षभर उराशी धरलं, आणि आता आपल्या हातच्या पानाला कावळा शिवला की बाबांनी माफ केलं, असं ठरवून टाकलं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय, कोण जाणे. एरवी हा माणूस ऑफिसात पुराव्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

तिथीच्या दिवशी मी खीर, वडे, कढी, फ्रोझन गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. त्याने कागदी प्लेट मागच्या डेकवर ठेवली आणि दार लोटून काचेआड उभा राहिला. कावळे नव्हते असं नाही. चांगले चार कावळे समोरच्या पाइनवर बसून बघत होते. तेवढ्यात पायरीखालून चिपमंक आला, आपल्या खारीचाच भाऊबंद. त्याने दोन्ही गालांत वडा कोंबला आणि पळाला. मग 'ब्लू जे' नावाच्या निळ्या पक्ष्यांनी भातावर भांडण काढलं. कावळे ढिम्म.

झालं, म्हटलं, श्राद्ध आटोपलं. तर म्हणे, कावळा येईपर्यंत रोज ठेवू.

म्हणजे रोज सकाळी सहाला मी वरण-भाताचा कुकर लावायचा. दुसऱ्या दिवशी अकरा रानटर्की रांगेने आल्या, पंगतीचं आमंत्रण असल्यासारख्या. मुलगी खिडकीतून म्हणाली, "डॅड, दे ऑल वॉन्ट खीर." तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच. कावळे पाइनवरून हलेनात. मी वैतागून म्हटलं, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये चिप्सवर तुटून पडतात ते, तिथे ठेव पान. त्याने खरंच विचार केला. मी कपाळावर हात मारून घेतला.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला मी घरी एकटी असताना अस्वल आलं. काळं, भलंमोठं. डेकवर फतकल मारून बसलं, भात संपवला, प्लेट चाटली, मग प्लेटही खाल्ली. जाताना शेजारच्या म्हाताऱ्यांचा पक्ष्यांच्या दाण्यांचा डबा खांबासकट आडवा केला. शेजाऱ्यांनी वन्यजीव खात्याला फोन केला.

संध्याकाळी तिथली बाई आली. नवऱ्याने तिला कावळा, वडील, पंधरवडा, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की घरापाशी खायला मिळतं हे कळलेलं अस्वल एक दिवस कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतं, मग आम्हाला त्याला गोळी घालावी लागते. खायला ठेवू नका, आणि आलंच तर भांडी वाजवून घाबरवा. त्या दिवसापासून पान बंद झालं. मला हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला.

सर्वपित्रीला त्याने सुट्टी घेतली होती. अकरा वाजता अस्वल परत आलं. डेकवर जिथे प्लेट असायची तिथल्या फळ्या हुंगत फिरलं आणि खाली बसलं. नवऱ्याने माझ्या कुकरचं झाकण आणि कालथा उचलला आणि अनवाणीच बाहेर गेला. मी ओरडले, आत ये म्हणून. त्याने दोनतीनदा झाकण वाजवलं. अस्वल दोन पायऱ्या उतरलं आणि थांबून बघायला लागलं.

"जेवलात ना?" तो म्हणाला. "आता जा. मला येता आलं नाही, चुकलं माझं. पण इथे येऊ नका आता. मारतील हे लोक."

अस्वल तरी जाईना. मग मी पातेलं आणि डाव घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि वर्षभराचा सगळा राग त्या पातेल्यावर काढला. तोही वाजवायला लागला. अस्वल गवतातून पळत जंगलात शिरलं, कावळे उडाले, शेजारचे म्हातारे बाहेर येऊन आम्हाला बघून आत गेले. तरी आम्ही वाजवतच होतो.

थांबल्यावर मी म्हटलं, "जाऊ नकोस, असं मी म्हटलं होतं." हे आमच्यात तोवर कुणीच काढलं नव्हतं.

तो झाकणाला पडलेला पोचा अंगठ्याने चाचपत होता.

"हो," तो म्हणाला. "आणि तेव्हा तू तसं म्हणावंस, याचीच मी वाट बघत होतो."