विपक्षाची पाच मिनिटं

दारव्ह्याच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला आणि तेवढी सगळी वर्षं समुद्र निळ्या खडूने दाखवला. आमच्या जिल्ह्यात समुद्रावाचून कुणाचं काही अडत नाही. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात यवतमाळच्या एका प्रतिष्ठानाने कॉलेजच्या मुलांसाठी जी वादविवाद स्पर्धा ठेवली, तिचा विषय वाचून मला गंमत वाटली: ‘आशियाच्या समुद्रात भारताचीच विमानवाहू जहाजे श्रेष्ठ’. यावर वाद घालणार कोण, हा प्रश्न आयोजकांना पडलेला दिसत नव्हता. जत्रा भरवायची आणि निम्म्या लोकांना देवाच्या विरुद्ध बोला म्हणायचं, तशातला प्रकार.

बाजू चिठ्ठ्या टाकून वाटल्या गेल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या चिठ्ठीत ‘विपक्ष’ निघालं. पुण्याकडे विषयाच्या बाजूने आणि विषयाच्या विरुद्ध असं म्हणत असतील. आमच्याकडे हिंदीचा शेजार, म्हणून पक्ष आणि विपक्ष. चिठ्ठी घेऊन ती सरळ माझ्याकडे आली.

ही मुलगी दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, बाहेर वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी फक्त परीक्षेपुरती. आदल्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात तिचं नाव वक्त्यांच्या यादीतून ऐनवेळी काढलं होतं. कारण असं दिलं होतं, की भाषा अजून घोटून घ्यायला हवी. ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं.

“मले बक्षीस नाही भेटलं तरी चालते, मॅडम,” ती म्हणाली. “मले पाच मिनिटं पायजेत. पूर्ण पाच.”

मग आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर आशियातली नौदलं मांडली. चीनकडे तीन जहाजं. त्यातलं तिसरं सगळ्यात नवं; त्याचा माथा सपाट, आणि विमानाला विजेच्या जोरावर पुढे फेकायची सोय. आपल्याकडे दोन. एक रशियाकडून घेऊन नीट केलेलं, एक कोचीत बांधलेलं. दोन्हींच्या टोकाला वर वळलेला चढ आहे. विमान त्यावरून उसळी घेतं, पण त्यामुळे त्याला इंधन आणि शस्त्रं बेताने न्यावी लागतात. अनुभव मात्र आपल्याकडे साठ वर्षांहून जास्त, चीनचा त्यामानाने कालपरवाचा. हेही लिहून घे, मी म्हणाले. विरुद्ध बोलायचं म्हणजे खोटं बोलायचं नव्हे.

थायलंडचं जहाज आलं तेव्हा ती थबकली. त्याच्यावरची लढाऊ विमानं केव्हाच निवृत्त झाली आहेत आणि नवी आलेली नाहीत.

“म्हंजे गोठ्यात बैल नाही, अन् पोळ्यासाठी झूल धुऊन ठेवली,” ती म्हणाली.

जपानची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या दोन जहाजांवरून लढाऊ विमानं उडावीत म्हणून बदल चालले आहेत, पण त्यांना विमानवाहू म्हणायचं नाही, विनाशिका म्हणायचं, असा त्यांचा कटाक्ष होता.

“बारले परमिट रूम म्हणतात तसं काय?”

मी हसले, पण ते भाषणात नको म्हणून सांगितलं.

अडलो आम्ही मुख्य मुद्द्यावर. दोन आणि तीन, यात फरक तो किती? एकाचाच. तेवढ्यावर पाच मिनिटं कशी निघणार? तिचे वडील तिला घ्यायला आले होते आणि दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. दारव्हा ते यवतमाळ त्यांच्या दोन काळीपिवळ्या चालतात. म्हणजे कागदोपत्री चालतात.

“मॅडम, मी मधात बोलू काय?” ते म्हणाले. “दोन गाड्या म्हंजे एकच गाडी असते. एक रोडवर, एक मिस्त्रीकडे. आमचा मिस्त्री तर म्हणते, तुमची एक गाडी माह्याकडेच नांदते. रोज एक गाडी पक्की चालवाची तर तीन लागतात. एक चालते, एक खोललेली राह्यते, अन् एक नव्या ड्रायव्हरले शिकवाले.”

“अन् दोघी एकदम बंद पडल्या तर?” मुलीने विचारलं.

“मंग बापाले पायी चालाचं.”

मी पुस्तकांमध्ये हेच वाचलं होतं, फक्त तिथे ते चार पानांत होतं. जहाज वर्षानुवर्षं समुद्रात राहत नाही. ते गोदीत जातं, उघडलं जातं, पुन्हा सरावाला निघतं. तीन असतील तर एक हमखास हाताशी. दोन असतील तर नशीब. मुलीने वही पुढे ओढली आणि वडिलांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी आयोजकांपैकी एकाचा फोन आला.

“मॅडम, दारव्ह्यातून विपक्षाची पोरगी येऊन राह्यली म्हणे?”

“हो.”

“उद्घाटनाले भाऊ येणार हायेत. त्यायच्यासमोर विपक्ष बोलन, हे काही बरं दिसत नाही. कोणत्या पार्टीची हाय ती?”

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्याकडचा हा एक शब्द दोन दारांवर टांगलेला आहे, वादाच्या आणि राजकारणाच्या, आणि हे गृहस्थ भलत्याच दारातून आत शिरले होते. मी त्यांना समजावलं, की चिठ्ठी तुमच्याच डब्यातली आहे आणि पार्टीचा काही संबंध नाही. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“समजलं मले. पण लोकायले कोण समजावते? असं करा ना, बाकीचे विपक्षवाले पक्षात आलेच हायेत, तिलेही घेऊन टाकू. पक्षात नंबरही लवकर लागते.”

हा विनोद नव्हता. मी निरोप मुलीला दिला, आणि त्यासोबत माझ्याकडचं थोडं शहाणपणही दिलं, हे इथे कबूल करते. म्हटलं, यंदा बाजू बदल, मंच तर मिळेल.

“पक्षात पंधरा जण हायेत, मॅडम,” ती म्हणाली. “पंधराही जण एकच बोलतीन. मी सोळावी कायले होऊ?”

त्यानंतर मी शहाणपण आवरलं.

यवतमाळच्या सभागृहात शाली, नारळ आणि हार यांत पाऊण तास गेला. भाऊ, म्हणजे आमच्याकडचे पुढारी, बोलले. सातासमुद्रापार हा शब्द त्यांनी बऱ्याच वेळा वापरला. भूगोलाच्या बाईने असलं मोजू नये. मंचाच्या मागे भिंतभर फ्लेक्स होता: तिरंगा, गरुड, आणि लाटा कापत येणारं भलंमोठं विमानवाहू जहाज. मुलगी त्या फ्लेक्सकडे टक लावून पाहत राहिली. तिला भीती वाटत असावी असं मला वाटलं आणि मी तिला पाणी दिलं. पाणी ती प्यायली नाही.

पक्षाचे वक्ते एकामागून एक आले, गरजले आणि टाळ्या घेऊन बसले. हिची पाळी शेवटी लावली होती. तिने संथपणे सुरुवात केली. आपला अनुभव सांगितला, चीनचा वेग सांगितला, उसळीचा चढ समजावला. मग “माझे वडील काळीपिवळी चालवतात” असं म्हणून दोन गाड्यांचा हिशेब मांडला. सभागृह हसलं. हसणं तिच्या बाजूचं होतं, आणि ते मंचावर आवडलेलं नसावं, कारण लगेच घंटा वाजली. मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं.

ती थांबली. माइकवरून बाजूला झाली नाही.

“माझी दोन मिनिटं बाकी हायेत,” ती म्हणाली.

आयोजक पुन्हा घंटा वाजवायला गेले. ती तशीच उभी. आता सगळेच आपापली घड्याळं पाहत होते, मंचावरचे परीक्षकही. शेवटी मधल्या परीक्षकांनी हाताने खूण केली, बोल.

“मग मागे पाहा,” ती म्हणाली, पुन्हा पुस्तकी मराठीत. “या फ्लेक्सवरच्या जहाजाला चढ नाही, माथा सपाट आहे. वर अठरा नंबर लिहिला आहे. तो नंबर आपल्या जहाजाचा नाही, चीनच्या तिसऱ्या जहाजाचा आहे. श्रेष्ठ म्हणून तुम्ही त्यांचंच जहाज लावलं. मी विपक्षात आहे, पण एवढं मीसुद्धा बोलणार नव्हते.”

भाऊंनी मान वळवून पाहिलं. त्यांच्याबरोबर मंचावरची पहिली रांग वळली, मग मागची सगळी खुर्ची-मंडळी. उरलेला वेळ तिने दुरुस्तीच्या गोद्यांवर घालवला. तो भाग जरा कंटाळवाणाच झाला, कारण लोक अजून फ्लेक्सच वाचत होते. पाच मिनिटं झाली तेव्हा ती आपणहून थांबली.

निकालात तिचं नाव नव्हतं. तिन्ही क्रमांक पक्षात गेले. मला वाटलं, आता निघू. ती मात्र मंचाकडे गेली, मी मागोमाग. मधले परीक्षक मफलर गुंडाळत होते.

“सर, माझं कुठं चुकलं?”

“तसं चुकलं काही नाही,” ते म्हणाले. “छान बोललीस.”

“माहितीत चूक होती?”

“नाही, नाही. माहिती बरोबर होती.”

“मग तेवढं लिहून द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आयोजक म्हणाले, अशी पद्धत नाही. ती म्हणाली, नसू द्या. तिने भाषणाचा कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि आपलं पेन टोपण काढून पुढे केलं. परीक्षकांनी मफलर सोडला, खाली वाकले आणि लिहिलं: माहिती अचूक, वेळ पूर्ण. सही केली.

“तारीख, सर,” ती म्हणाली. त्यांनी तारीखही घातली.